कुंडीला माती किती किलो?

“वहिनी, या कुंडीला किती किलो माती लागेल?” असं नणंदबाईंनी विचारलं की मी उलट विचारते, माती ओली की कोरडी? तेच पोतं पावसात भिजलं की जड होतं, पण त्याने कुंडी काही जास्त भरत नाही. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कोरडं असताना तर वजनाला काहीच नसतं. म्हणून आमच्याकडे माती लिटरमध्ये मोजायची, आणि माप म्हणजे १० लिटरची बादली.

चौकोनी वाफ्याचा हिशोब सरळ आहे. लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणायची आणि हजारने भागायचं. माझा वाफा १२० बाय ६०, कडा ३० उंच. पण काठोकाठ भरला तर पाणी घालताना मातीच वाहून जाते, म्हणून मी २५ धरते. आले १८० लिटर, म्हणजे १८ बादल्या. फुटांचीच सवय असेल तर एक घनफूट म्हणजे २८ लिटरच्या किंचित वर.

खरी गंमत गोल कुंडीत. तोंड ३० सेंमी, बूड २०, उंची २८. नुसतं तोंड मोजून हिशोब केला तर जवळजवळ २० लिटर येतात. प्रत्यक्षात तिच्यात माती मावते १४ लिटरच्या आसपास, कारण कुंडी खाली निमुळती होत जाते. मी तोंड आणि बूड यांची सरासरी काढते, इथे २५. तिची निम्मी साडेबारा. साडेबाराचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले उंची, भागिले हजार. उत्तर पावणेचौदाच्या जवळ येतं, आणि मातीला एवढी अचूकता पुष्कळ झाली. मडक्यासारखा पोट सुटलेला आकार असेल तर गणिताच्या नादी लागूच नये. भोक बंद करायचं, मापाने पाणी ओतायचं आणि आलेला आकडा मार्करने बुडाला लिहून ठेवायचा. माझ्या सगळ्या कुंड्यांच्या बुडाला आकडे आहेत, घरचे हसतात.

एवढ्यावर भागत नाही. १० लिटर कोकोपीट आणि १० लिटर शेणखत एकत्र केलं की २० लिटर भरत नाही. बारीक खत जाड कणांच्या फटींत जाऊन बसतं. वर पहिल्या दोन-चार पाण्यांत मिश्रण आणखी दबतं. म्हणून मी १५ टक्के वाढवून धरते, १८० च्या जागी २०७, म्हणजे २१ बादल्या. तयार मिश्रण घेताना पिशवीवर लिटर लिहिलेत की किलो, ते आधी पाहा.

वजन बघायची वेळ येते ती गच्चीवर. तिथे मात्र ओल्या मातीचंच वजन धरायचं. साधी बागेची माती भिजल्यावर लिटरला दीड किलोच्या वर सहज जाते, म्हणजे हाच वाफा पाव टनापेक्षा जड. गच्चीवर करायचा असेल तर आधी इंजिनिअरला विचारा, आणि मिश्रणात कोकोपीट जास्त ठेवा.