माझा ‘ओके’ वर जातो

खूप दिवसांनी लिहितेय. मागच्या मंगळवारी कामावर एक गोष्ट ऐकून घ्यावी लागली आणि ती अजून डोक्यातून जात नाहीये.

लंडनला येऊन दीड वर्ष झालं, डोळ्यांच्या रिसर्च टीममध्ये माझं काम एकच, ट्रायलमधल्या, म्हणजे औषधाच्या चाचणीत भाग घेतलेल्या, पेशंटची नजर मोजायची. टीम म्हटलं की तुम्ही सगळे मोठ्या डॉक्टरांचं नाव विचारता, पण रोज कामाला असतात ती वेगळीच माणसं: पडद्याचे फोटो आणि स्कॅन काढणारा मुलगा, एकही पेशंट न बघता वर्षभर नुसते आकडे तपासणारी बाई, कोणाला खरं औषध जातंय ते माहीत असूनही तोंड मिटून असलेला फार्मासिस्ट, आणि आमच्या कोऑर्डिनेटर, ज्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

मंगळवारी एक आजोबा होते, ८१ वर्षांचे, मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, खराब होत चाललेली, म्हणजे समोर बघितलं की बरोबर मधेच डाग. ते एकेक अक्षर वाचत होते आणि मी प्रत्येक अक्षरानंतर ‘ओके’ म्हणत होते, जे नियमात बसतं. आजोबा गेल्यावर कोऑर्डिनेटरनी दार लावलं आणि म्हणाल्या, “अक्षर बरोबर आलं की तुझा ओके वर जातो, चुकलं की खाली पडतो. त्यांना दिसत नसेल, ऐकू मात्र उत्तम येतं.”

मला रडूच आलं. खरंच सांगते, आधी राग आला. मी काय आजची आहे का, नऊ वर्षं नंबर काढतेय, शिबिरांमध्ये सकाळपासून अंधार पडेपर्यंत माणसं तपासली आहेत, “हां मावशी, बरोबर, आता खालचं सांगा, घाबरू नका” असं म्हणत म्हणत. आयुष्यात पहिल्यांदा डोळे दाखवायला आलेल्या बाईला तक्त्यासमोर उभं केलं की ती परीक्षेला बसल्यासारखी थरथरते, तिला शाबासकी दिली नाही तर ती “दिसत नाही” म्हणून मोकळी होते. आपण पेशंटशी मायेनं बोलतो ती आपली ताकद आहे असं मी कायम मानत आले, आणि इथे तीच माया चूक म्हणून फाइलमध्ये लिहिली गेली.

तरीही तक्त्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण त्याशिवाय त्या का बोलल्या ते कळणार नाही. नेहमीचा सहा मीटरवरचा तक्ता ट्रायलला चालत नाही. इथला तक्ता चार मीटरवर, अंतर टेपने मोजायचं, खोलीतला उजेड मोजायचा. चौदा ओळी, प्रत्येक ओळीत पाचच अक्षरं, आणि तीही ठरलेल्या दहा अक्षरांमधूनच, म्हणजे कुठली ओळ फार सोपी कुठली फार अवघड असं होत नाही. उजव्या डोळ्याला एक तक्ता, डाव्याला दुसरा, चष्म्याचा नंबर काढायला तिसराच, नाहीतर माणूस पाठ करून टाकतो. पेशंट आत यायच्या आधी तक्ता दिसूसुद्धा द्यायचा नाही. बोट लावून अक्षर दाखवायचं नाही. दिसलं नाही तरी अंदाज करा म्हणायचं. कुठल्या डोळ्यात औषध जातंय हे मला कळता कामा नये, आणि पेशंटनेही मला सांगायचं नाही.

आणि मार्क ओळीला नाही, अक्षराला. पाच अक्षरं म्हणजे एक ओळ. पंधरा अक्षरांचा फरक पडला तर नजर खऱ्या अर्थाने बदलली असं बहुतेक ट्रायलमध्ये धरतात. आता बघा, पुढचं अक्षर वाचायच्या आत पेशंटने उत्तर बदललं तर ते मान्य करायचं असा नियम आहे. आजोबा म्हणाले ‘ओ’, माझा ओके खाली पडला, ते लगेच म्हणाले “नाही नाही, सी”. एक अक्षर मी दिलं त्यांना. असं तीन-चार वेळा झालं असेल. तपासणीगणिक तीन-चार अक्षरं माझ्या गळ्यातून जात असतील तर त्या औषधाबद्दल जे काही छापून येईल त्यात माझा आवाज मिसळलेला असणार.

त्या संध्याकाळी सरळ घरी गेले नाही. ओल्ड स्ट्रीट स्टेशनला उतरले, तिथून मूरफिल्ड्सच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलपर्यंत फुटपाथवर हिरवी पट्टी रंगवलेली आहे, कमी दिसणाऱ्या माणसाने तिच्यावरून चालत जावं म्हणून. हे हॉस्पिटल १८०५ सालचं, इजिप्तच्या लढाईवरून परतलेल्या सैनिकांना खुपरीने घेरलं होतं तेव्हाचं. पट्टीवरून चालत गेले. कोणाला तरी हे सुचलं, कोणीतरी ब्रश घेऊन रंगवलं, मला ते फार आवडतं.

हॅरोल्ड रिडली याच हॉस्पिटलचे. वैमानिकांच्या डोळ्यात कॉकपिटच्या पर्स्पेक्सचे, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचे, तुकडे घुसून राहिले तरी डोळा त्यांना मुकाट सामावून घेतो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि १९४९-५० मध्ये सेंट थॉमसला त्यांनी पर्स्पेक्सचंच भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. बरोबरीच्या डॉक्टरांनी कित्येक वर्षं त्यांना धुडकावलं, सर ही पदवी मिळाली २००० मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी. तेच भिंग आज मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये १९९२ पासून बनतंय आणि गोरगरिबांच्या डोळ्यात बसतंय, हे मी इथे प्रत्येकाला सांगते आणि सांगत राहणार.

तसं मी कोऑर्डिनेटरनाही अरविंदचं, म्हणजे मदुराईच्याच डोळ्यांच्या हॉस्पिटलचं, ऐकवलं होतं. बोटं संधिवाताने वाकडी झालेले डॉ. वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून रिटायर होऊन १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू करतात वगैरे. त्यांना सगळं माहीत होतं. उलट त्यांनीच मला अरविंदमध्ये झालेल्या बुबुळाच्या बुरशीच्या ट्रायलची आठवण करून दिली, २०१३ मध्ये छापून आलेली, ३२३ पेशंट. शेतात पात लागून डोळा लाल होतो आणि शेवटी फूल पडतं, तोच आजार. नवीन औषध चांगलं असणार अशी पुष्कळांना आशा होती, पण नाटामायसिन हे जुनंच औषध सरस ठरलं. तिथेही नजर मोजणाऱ्याला कोणाला कुठलं औषध ते माहीत नव्हतं. म्हणजे “आमच्याकडे असं नसतं” हे माझं वाक्य तिथेच संपलं.

पण शिबिरातली माझी पद्धत चुकीची होती असं मी अजूनही म्हणणार नाही. तिथे कोणाला ऑपरेशन लागेल हे शोधायचं असतं, अर्धा-एक अक्षर शोधायचं नसतं. तिथे धीरच द्यायला हवा.

मला खरं हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. २००६ च्या एका अमेरिकन ट्रायलचे आकडे मी आधीही वाचले होते, ७१६ पेशंट, मॅक्युलाच्या आजारावरचं रॅनिबिझुमॅब नावाचं इंजेक्शन, ते मिळालेल्यांपैकी वर्षभरात सुमारे ९५ टक्के लोकांची नजर पंधरा अक्षरांहून कमी घसरली, म्हणजे बहुतेकांची वाचली. इंजेक्शन न मिळालेल्यांमध्ये हे फक्त ६२ टक्के. आज तुमच्या-माझ्या घरातल्या म्हाताऱ्यांना डोळ्यात इंजेक्शन देतात ते याच जोरावर. पण औषध न मिळालेले ते २३८ जण महिन्यामागून महिने येत होते, डोळ्यात थेंब टाकून घेत होते, आणि सुई नसलेली सिरिंज डोळ्यावर दाबून घेत होते. आपण त्यातले आहोत का हे त्यांना सांगितलेलं नव्हतं, असू शकतो हे मात्र सही करताना माहीत होतं. त्यांची नजर जात राहिली आणि ती कोणीतरी एकसारख्या आवाजात, एकेक अक्षर करत लिहून घेतली. त्या तपासणाऱ्याचा आवाज मऊ पडला असता तर?

तेव्हापासून रात्री रूममेटला समोर बसवते, ती मुद्दाम चुकीची अक्षरं वाचते, मी फोनवर माझा ‘ओके’ रेकॉर्ड करते. शनिवारी पहिल्यांदा सलग दहा सारखे आले.

काल एक बाई आल्या होत्या, सत्तरीच्या, फार गोड. उजवा डोळा संपला तसं खुर्चीतून माझ्याकडे वळून विचारलं, “मागच्या वेळेपेक्षा बरं वाचलं ना मी?”

मी म्हटलं, “थँक्यू. आता उजवा डोळा झाकूया.”