ठाण मांडून धावणारं अक्षर

धावण्याच्या एका शर्यतीचा फलक मी हौसेने करायला घेतला होता. इंग्रजी शीर्षक, चारच अक्षरं. ठळकपणाचं बटण दाबलं, शेजारचं तिरकेपणाचंही दाबलं आणि अक्षरं आता सुसाट सुटतील म्हणून बघत बसलो. ती ठेच लागून एकमेकांच्या पाठीवर पडल्यासारखी दिसली.

त्यातल्या ओचे तर फारच हाल. पडद्यावर चांगला वीतभर मोठा करून पाहिला, तेव्हा दुखणं कळलं. उजवीकडे वर आणि डावीकडे खाली चरबी साठलेली, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत अंग झिजलेलं. ए तपासला. त्याचा डावा पाय आणखी लवंडून बारीक झालेला, उजवा जवळजवळ ताठ उभा राहून जाड. त्या फॉन्टमध्ये मुळात तिरका संच नव्हताच. संगणकाने सरळ अक्षराचं डोकं धरून उजवीकडे ढकललं, एवढंच. माणसाला ढकललं म्हणून तो धावायला लागत नाही.

खरा ठळक तिरका टाईप करणारा माणूस या ढकललेल्या अक्षराची एकेक वळी हाताने दुरुस्त करतो. साठलेलं मांस काढायचं, झिजलेल्या जागी भरायचं. अक्षराच्या पोटातली पोकळी तर जिवापाड जपायची, कारण रेघ जाड झाली की पहिली तीच बुजते. आडव्या रेघा उभ्यांपेक्षा किंचित बारीक ठेवाव्या लागतात. मोजपट्टीने सारख्या केल्या तर डोळ्याला आडवीच जाड वाटते, आणि इथे निकाल डोळ्याचा. झुकाव साधारण आठ ते बारा अंश. त्याहून फार कमी झाला तर छपाईची चूक वाटते, फार वाढला तर वादळातलं झाड.

गंमत म्हणजे ठळक आणि तिरका ही दोन माणसं मुळात एका घरची नाहीत. तिरका टाईप थोरला. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउस या मुद्रकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने तो कोरला आणि १५०१ साली रोमन कवी व्हर्जिलच्या कविता अथपासून इतिपर्यंत त्यात छापल्या गेल्या. भरभर लिहिणाऱ्या कारकुनी हातावरून घेतलेलं ते सडपातळ, शिष्ट वळण. त्यातली कॅपिटल अक्षरं मात्र सरळच होती, म्हणजे सगळी पलटण झुकून चाललेली आणि मुकादम ताठ! ठळक टाईप धाकटा, त्याच्याहून तीनशे वर्षांनी लहान, आणि जरा बाजारू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या जाहिरातींना भिंतीवरून ओरडायचं होतं, म्हणून अक्षरं लठ्ठ झाली. लठ्ठांची तिरकी भावंडंही आली. मग १८४५ साली क्लॅरेंडन नावाचा ठळक टाईप आला. तो शब्दकोशातल्या नेमक्या शब्दावर बोट ठेवायला सोयीचा ठरला.

ठळक अक्षर ठाण मांडून बसतं, तिरकं निघायच्या बेतात असतं. दोन्ही एकत्र आले की बसायचंय की निघायचंय हेच ठरत नाही. मला हा टाईप आवडतो तो नेमका या कुचंबणेमुळे. अंगाने पैलवान आणि पळतोय मात्र गाडी चुकल्यासारखा. म्हणून खेळाडूंच्या बनियनवर, शर्यतीच्या मोटारींवर, सवलतीच्या फलकांवर तो शोभतो. कॉमिक्समध्ये पात्राने एखाद्या शब्दावर जोर दिला की फुग्यात तोच शब्द जाडा आणि तिरका होतो. परिच्छेदभर मात्र हा टाईप वापरू नये. बारीक आकारात पोकळ्या भरतात आणि वाचणाऱ्याला धाप लागते. माझी मर्यादा तीन शब्दांची.

देवनागरीत तर हे प्रकरण आणखी अवघड. आपल्या लिपीला तिरक्याची परंपरा नाही, आणि वर शिरोरेघ. काने झुकतात, शिरोरेघ जागची हलत नाही. वेलांटीचा तुरा पुढच्याच्या अंगणात डोकावतो, उकार मागच्याच्या पायात येतो. त्यात ठळक केलं की ‘द्ध’सारख्या जोडाक्षराचा जीव गुदमरतो. तरी तिरकी देवनागरी आपण बिनदिक्कत वापरतोच. बटण समोर असलं की बोट थांबत नाही, माझंही थांबलं नव्हतं.

शेवटी मी मुळातच ठळक आणि तिरका काढलेला एक टाईप शोधला. अक्षरांमधलं अंतर थोडं आवळलं. तारीख-वेळ सरळ, साध्या टाईपात ठेवली, कारण तारखेने पळू नये. शीर्षक असं काही निघालं की मीच दोन पावलं मागे सरलो.

शर्यतीच्या दिवशी लवकर जाऊन पाहिलं. फलक लागला होता. बांधणाऱ्याने उजवीकडची दोरी इतकी वर ओढली होती की माझी सगळी अक्षरं काटकोनात ताठ उभी, आणि ओळ मात्र चढ चढत होती. खाली एक धावपटू बुटाची नाडी बांधत होता. त्याने वर पाहिलं, मान डावीकडे कलती केली, वाचलं आणि पुन्हा नाडीकडे वळला.