आमची वाटचाल : ताडपत्रीपासून पोरांच्या राहुटीपर्यंत

आम्ही बालवाडीच्या मुलांसाठी खेळायच्या राहुटीचे सेट बनवतो. त्याची ही गोष्ट. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्या रस्त्यांवरच्या ट्रकच्या ताडपत्र्या शिवण्यावर आमच्या वडिलांनी संसार केला. जाड कॅनव्हास, मेण लावलेला, उन्हाळ्यात हाताला चिकटणारा. दुकानात कायम त्या मेणाचा वास असायचा. पुढे बाजारात प्लॅस्टिकच्या तयार ताडपत्र्या आल्या. वजनाला हलक्या, किमतीला निम्म्या. आमच्याकडे फक्त डागडुजीचं काम उरलं.

2011 च्या पावसाळ्यात साक्री तालुक्यातल्या एका बालवाडीच्या बाई दुकानात आल्या. हातात कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं एक पान होतं. वर्गाच्या कोपऱ्यात छोटा तंबू, कापडी शेकोटी, काठीला टोचलेली पांढरी मिठाई आणि भोवती बसलेली मुलं. बाई म्हणाल्या, "भाऊ, असं शिवून द्याल का? पण हे असंच नको. आमच्या पोरांना यातलं काय कळणार?" बोलता बोलता त्यांनी सांगितलं, ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन शाळा भरवली, आणि आजूबाजूला जे मिळेल त्यातूनच शिकवायची साधनं केली. "मग आपण मागे का राहायचं?" असं त्यांचं म्हणणं.

पहिला तंबू मी फार मन लावून केला, आणि तो चुकला. लोखंडी पाइपांना पक्का शिवलेला, कितीही ओढला तरी न हलणारा. ताडपत्रीवाल्याचा हात, दुसरं काय करणार? आठ दिवसांनी बाईंनी तो एसटीच्या टपावर टाकून परत आणला. "पोरं पहिल्या दिवशी आत जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून कोणी बघेना. भाऊ, तंबू तुम्हीच उभारला, मग पोरांनी काय करायचं?"

आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी या वाक्यापासून धरतो.

मग सगळं उसवलं. दोन वेळू, एक आडवी काठी, सुटं कापड, सहा दोऱ्या, सहा खुंट्या. वर्गात शहाबादी फरशी, खुंटी ठोकायची कुठे? आमचे मिस्तरी जुने खरादी, लाकूड कातणारे. आधी बैलगाडीचं काम करायचे, मग पलंगाचे पाय. त्यांनी बाभळीचे जड ठोकळे केले आणि त्यांत भोकं पाडली. लहान मोगरी घेऊन खुंटी त्या भोकात ठोकायची. ठोकळ्याचं वजन इतकंच की दोरी ताणली तर राहुटी उभी राहावी, पण कोणी अडखळलं तर ठोकळा सरकावा आणि पोर पडू नये. हे वजन जमवायला मिस्तरींनी अकरा ठोकळे वाया घालवले. मोगरी त्यांनी स्वतःच्या नातवाच्या हातात देऊन बेतली.

शेकोटीजवळ काय ठेवायचं हा प्रश्न खानदेशात पडायलाच नको. थंडी पडली की आपल्याकडे शेतात भरीत पार्टी होते, पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजतात, तीन वर्षांच्या पोरालाही ते ठाऊक असतं. म्हणून आमच्या सेटमध्ये लाकडी वांगी आली, भरिताबरोबर खायच्या बट्ट्या आल्या, पत्र्याची लहान परात आली. खऱ्या पऱ्हाटीच्या काड्या मी आधी वापरून पाहिल्या, पण वाळक्या बोंडाची टोकं बोटात शिरतात. मग बांबूच्या काड्या घासून गोल केल्या. वांगं हिरवं, त्यावर पांढरट रेघा. भरिताचं वांगं हिरवंच असतं. जळगावच्या या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या आधीपासून आमचं लाकडी वांगं हिरवं आहे.

आणि आयलेट, म्हणजे कापडाच्या भोकाला बसवायचं धातूचं कडं. ताडपत्रीवाल्याला आयलेटचं महत्त्व वेगळं सांगायला नको. वडिलांचा डाय-पंच अजून माझ्याकडे आहे, त्याची मूठ त्यांच्या हातानं झिजलेली. राहुटीच्या छताला मी त्याच पंचानं सात आयलेट बसवतो, सप्तर्षींच्या आकारात. आमची आजी त्याला म्हातारीची खाट म्हणायची. बाहेरून बॅटरी मारली की आत अंधारात सात ठिपके पडतात. अंधाराला घाबरणारं पोर ते सात ठिपके मोजायला आपण होऊन आत जातं. सुई 21 नंबरची, टाका लांब, आणि आयलेटखाली कापडाची दुहेरी चकती. चकती न घालता आयलेट मारणाऱ्याने हा धंदा करू नये.

नवी राहुटी घेऊन मी स्वतः बाईंच्या वर्गात गेलो. दोरी काही केल्या टिकेना, सारखी सैल पडायची. मी उठणार तेवढ्यात बाईंनी डोळ्यांनीच मला बसवलं. मागे एक मुलगा होता, मेंढरांबरोबर फिरणाऱ्या ठेलारी घरचा. दिवाळीपर्यंत शाळेत, मग वाड्याबरोबर, म्हणजे मेंढपाळांच्या तांड्याबरोबर, बाहेर. तो वर्गात बोलतच नाही, असं बाईंनी मला आधी सांगितलं होतं. तो पुढे आला, दुसऱ्याच्या हातातून दोरी घेतली आणि म्हणाला, "मी बांधसू." एक वेढा, दुसरा वेढा, शेवट आतून काढला. गाठ वर सरकवली की दोरी ताणते, आणि सोडली तर जागची हलत नाही. मी पंचवीस वर्षं दोऱ्यांत घालवलेला माणूस, ती गाठ मी त्याच्याकडून शिकलो. मग बाकीची पोरं रांग लावून त्याच्याकडे. आमच्या सेटबरोबर जाणाऱ्या कागदावर आजही तीच गाठ काढलेली असते.

शिकणं होतं ते इथे. पाच पोरं आणि चार बट्ट्या असल्या की वाटणी आपोआप येते. एक खुंटी निघाली की छप्पर कुठल्या बाजूला कलतं ते दिसतं. "पाऊस आला, सामान आत घ्या" म्हटलं की काय आधी, काय नंतर, हे ठरवावं लागतं. लटकी शेकोटी असली तरी कोणीतरी म्हणतंच, "लांब बैस, भाजशील."

आता जे लिहायचं ते इतकी वर्षं पोटात ठेवलं आहे. 2017 साली मोठ्या शहरातला एक व्यापारी आला. गोड बोलला, वडिलांच्या फोटोला हात जोडले, दोन सेट नमुन्याला घेतले आणि तीनशे सेटची ऑर्डर तोंडी दिली. मी दोसुतीचे, म्हणजे जाड सुती कापडाचे, थान उधारीवर उचलले, शिवायला तीन बायका ठेवल्या, मिस्तरींनी लाकूड भरलं. दोन महिन्यांनी त्याने फोन उचलणं बंद केलं. पुढच्या वर्षी त्याचा सेट बाजारात आला. आमचा 3,200 रुपयांना, त्याचा 1,450 ला. झुळझुळीत पॉलिस्टर, आत तारेचं कडं, पिशवीतून काढला की फट्‌कन उघडणारा तंबू. खुंटी नाही, दोरी नाही, गाठ नाही. आणि त्याच्या माहितीपत्रकावर फोटो आमच्या राहुटीचा, बाईंच्या वर्गातला! वांगी मात्र त्याने प्लॅस्टिकची केली होती, जांभळी.

शाळांनी तोच घेतला. एका संस्थाचालकांनी मला तोंडावर सांगितलं, "तुमचा उभारायला वीस मिनिटं लागतात, त्याचा एका सेकंदात उभा राहतो." मी म्हटलं, साहेब, त्या वीस मिनिटांचेच तर पैसे घेतो. त्यांना ते पटलं नाही. मला त्या वाक्याचा राग अजून आहे. व्यापाऱ्याने फसवलं ते एक दुःख, पण शिकवणाऱ्या माणसांना फरक दिसू नये, हे दुसरं आणि मोठं.

2019 च्या दिवाळीला पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या. मिस्तरींनी सहा महिने मजुरी मागितली नाही. मग 2020 चा मार्च आला, शाळाच बंद झाल्या. त्यातच 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. मुलं आत शिरतात अशा खेळातल्या तंबूचं कापड पेटवून बघतात. ज्योत सेकंदाला 30 मिलिमीटरपेक्षा वेगानं पसरता कामा नये. आमच्याकडे पडून असलेला वडिलांचा मेणाचा कॅनव्हास मी घरामागे पेटवून पाहिला. भसकन गेला. सुरुवातीचे काही सेट त्याच कापडाचे गेले होते, हे आठवून त्या रात्री झोप आली नाही. एकेका शाळेला फोन करून ते परत मागवले आणि साध्या दोसुतीचे बदलून दिले, एक रुपया न घेता. त्या वेळी खिशात काय होतं ते आमचं आम्हाला माहीत.

त्याच दिवसांत बाईंचं पार्सल आलं. वापरून झिजलेला जुना सेट बदलीसाठी, आणि सोबत पाकिटात पाच सेटचे आगाऊ पैसे, आजूबाजूच्या गावांतल्या बालवाडीच्या बाईंकडून गोळा केलेले. ज्या बाईंनी 2011 चा पहिला सेट महिना दोनशे रुपये करून स्वतःच्या पगारातून फेडला होता, त्यांनी शाळा बंद असताना हे केलं. चिठ्ठीत एवढंच : "शाळा उघडतील तेव्हा राहुट्या तयार पाहिजेत. घाई नाही." त्या पैशांनी चाचणीची फी भरली.

2022 च्या जानेवारीत बालवाड्या उघडल्या. त्याच वर्षी पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, 3 ते 8 वर्षांच्या मुलांनी खेळातून शिकावं असं त्यात छापून आलं, आणि खासगी शाळांचे फोन सुरू झाले. पाटल्या सुटल्या. पुढची वर्षं ठीक चालली आहेत.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, नमुना फुकट देऊ नका, आणि तोंडी ऑर्डरवर थान उचलू नका. बालवाडीच्या बाईंना सांगतो, राहुटी कायम उभी ठेवू नका. रोज सोडा, रोज बांधू द्या, आणि वाकडी झाली तर वाकडीच राहू द्या. दोरी हातभरापेक्षा लांब नको. खेळातल्या कंदिलात बटणासारखे लहान सेल कधीच घालू नका, पोरं गिळतात. आणि घरी तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर आमचा सेट घेऊच नका. खाटेवर आजीचं जुनं लुगडं टाका.

मिस्तरींचे डोळे आता साथ देत नाहीत. खरादावर त्यांची नात बसते, वांगी तीच रंगवते. परवा एका शाळेने विचारलं, जांभळी मिळतील का, मुलांच्या पुस्तकात तशीच आहेत. ती माझ्याआधीच फोनवर म्हणाली, "नाही मिळणार." बाई येत्या मे महिन्यात निवृत्त होतात. त्यांच्या वर्गासाठी नवा सेट शिवायला घेतला आहे, आयलेट वडिलांच्या पंचानंच मारतोय.