हाताची ऊब

“आधी तो खाली ठेव, त्याला गार होऊ दे,” साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या तपासणी खोलीत मामा नव्या पोराला म्हणाले, आणि मायक्रोमीटरकडे गेलेला माझाही हात थबकला.

पोराच्या मुठीत खुब्याच्या कृत्रिम सांध्याचा टायटॅनियमचा दांडा होता. मापे 20 अंश सेल्सिअस तापमानाला असलेली धरतात. टायटॅनियमची 50 मिलिमीटरची लांबी 10 अंशांनी तापली तर सुमारे 4 मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते, जे डोळ्याला दिसत नाही, पण टॉलरन्सचा, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाचा, घास घ्यायला पुरते.

मामा दांडा ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवून चहाला गेले. मला मात्र सकाळी घाईघाईने हातात धरूनच मोजलेले सहा नग आठवले, ज्यांच्यापुढे वहीत माझीच सही आहे.

ते सहाही आता टेबलावर निवत ठेवले आहेत. याआधीच्या नगांचे काय?