श्रेय लाटणारा सहकारी: नाव नोंदवायच्या जागा आणि बोलायची पद्धत

काम दोघांनी केलं आणि डेमोत नाव एकाचंच आलं, की टीममधले जुनेजाणते समजूत घालतात, "जाऊ दे गं, काम बोलतं." काम बोलत नाही. मर्ज झालेली कमिट (मुख्य कोडमध्ये मिळवलेल्या बदलाची नोंद), तिकिटावरचं म्हणजे कामाच्या नोंदीवरचं नाव, मीटिंगचे मिनिट्स आणि अप्रेझलचा फॉर्म बोलतात. आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये पेमेंटच्या एका मॉड्यूलवर असा आयत्या बिळावरचा नागोबा निघाला, तेव्हा त्याच्याशी बोलण्याआधी मी या जागा तपासून घेतल्या.

आधी गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. प्रत्येक कमिटवर ऑथर (बदल लिहिणारा) आणि कमिटर (तो नोंदवणारा) अशी दोन नावं असतात. गिट लॉगला 'फॉरमॅट फुलर' जोडलं की दोन्ही दिसतात. कोणी तुमची कमिट रिबेस किंवा चेरी-पिक केली, म्हणजे उचलून दुसरीकडे बसवली, तर कमिटर बदलतो, ऑथर तोच राहतो. पण तुमच्या ब्रँचमधल्या (कामाच्या स्वतंत्र शाखेतल्या) फाइल्स उचलून कोणी आपल्या ब्रँचमध्ये नुसत्या चिकटवल्या, तर गिटच्या लेखी ते त्याचं नवं काम. म्हणून अर्धवट असलं तरी आपलं काम आपल्याच कमिटने पुश करायचं म्हणजे सर्व्हरवर चढवायचं, चॅटवर फाइल पाठवायची नाही.

खरी गोची स्क्वॉश मर्जमध्ये आहे. दहा-बारा कमिट्सची एक होते आणि गिटहबवर (गिटचा कोड ठेवायच्या साइटवर) तिचा ऑथर होतो पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती, उघडणारा. बाकीच्यांची नावं मेसेजच्या तळाशी 'को-ऑथर्ड-बाय' या ओळींत जातात. मर्जचं बटण दाबणाऱ्याला तो मेसेज संपादित करता येतो, आणि मेसेज आटोपशीर करायच्या नादात या ओळी उडतात. दर वेळी डाव असतोच असं नाही, पण तुमचं नाव जायचं ते जातंच. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात कोणता भाग कोणी केला ते आधीच लिहून ठेवावं. को-ऑथरची ओळ हाताने लिहायची तर मेसेजनंतर एक ओळ मोकळी सोडून, प्रत्येक नाव वेगळ्या ओळीवर, ई-मेल कोनी कंसात. तो ई-मेल गिटहब खात्याला जोडलेला नसेल तर कमिट तुमच्या प्रोफाइलवर येत नाही. नवा लॅपटॉप मिळाल्यावर गिटमध्ये दुसराच ई-मेल बसतो आणि हे हमखास होतं. कमिटवरचा तो ई-मेल खात्यात जोडून पडताळला की मागच्या कमिट्सही तुमच्या नावाशी जोडल्या जातात.

गिटचा 'ब्लेम', म्हणजे कोडच्या प्रत्येक ओळीसमोर नाव दाखवणारा आदेश, पुरावा म्हणून कच्चा आहे. तो ओळ शेवटी कोणी बदलली एवढंच सांगतो. एखाद्याने पूर्ण फोल्डरवर फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारं साधन) चालवला की सगळा कोड त्याने लिहिल्यासारखा दिसतो. अशा कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) ब्लेममधून वगळायच्या यादीत, .git-blame-ignore-revs या फाइलमध्ये, टाकायचा. गिटहब ती फाइल वाचतं. कमिट्सची किंवा ओळींची संख्या मोजत बसू नये, दोन ओळींच्या दुरुस्तीमागेही आठवड्याची शोधाशोध असू शकते.

डिझाइनच्या कागदपत्रांत वेगळीच गंमत. गूगल डॉकची 'मेक अ कॉपी' केली की प्रतीचा व्हर्जन इतिहास शून्यापासून सुरू होतो आणि मालक प्रत काढणारा. मूळ डॉकमध्ये तुमचा इतिहास शाबूत असतो, पण तो बघायला एडिटचा अधिकार लागतो. नुसत्या व्ह्यूअरला दिसत नाही. म्हणून महत्त्वाच्या टप्प्यावर व्हर्जनला नाव द्यावं आणि मूळ डॉकची लिंक तिकिटावर टाकावी. पॉवरपॉइंटच्या प्रॉपर्टीजमधल्या 'ऑथर'वर विसंबू नका. तिथे बहुतेक वेळा टेम्प्लेट बनवून कधीच नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव असतं.

जिरात, म्हणजे तिकिटं ठेवायच्या साधनात, असाइनी (काम ज्याच्या नावावर तो) एकच, त्यामुळे दोघांचं काम असेल तर सुरुवातीलाच सब-टास्क पाडून घ्यावेत.

एवढं हाताशी आल्यावर बोलायचं: एकट्याला गाठून, डेमोनंतर एक-दोन दिवसांत आणि एकाच प्रसंगाबद्दल. "कालच्या डेमोत रिट्रायचं लॉजिक 'मी लिहिलं' म्हणालास. ते माझं आहे, क्यू आणि मॉनिटरिंग तुझं. गुरुवारी तो भाग मी दाखवते." (रिट्राय म्हणजे फसलेली विनंती पुन्हा पाठवणं, क्यू म्हणजे कामांची रांग.) 'तू नेहमीच असं करतोस' म्हटलं की विषय कामावरून स्वभावावर जातो आणि तिथून परत येत नाही. बहुधा उत्तर येतं, "अगं, मला आपण दोघांनीच म्हणायचं होतं." ते मानून घ्यायचं आणि लगेच टीम्सवर (ऑफिसच्या चॅटवर) एक ओळ टाकायची: "बोलल्याप्रमाणे स्लाइड 4 ते 7 मी घेते." हीच ओळ पुढे कामाला येते.

भर मीटिंगमध्ये खोडून काढण्यापेक्षा कारण सांगावं. टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) 30 सेकंदांवरून 5 वर का आणला, बँकेचा प्रतिसाद उशिरा आला तर पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून काय केलं, हे ज्याने केलं त्यालाच धडपणे सांगता येतं.

मॅनेजरकडे गेल्यावर मी 'श्रेय' हा शब्दच काढला नाही, जबाबदारी मागितली: "रिट्रायचे प्रॉडक्शन इश्यू थेट माझ्याकडे पाठवा." त्याबरोबर कोडओनर्स फाइलमध्ये (कोणता फोल्डर कोणाच्या जबाबदारीचा, ते तिथे लिहितात) त्या फोल्डरवर माझं नाव घालून घेतलं, म्हणजे तिथल्या प्रत्येक बदलाचा रिव्ह्यू आपोआप माझ्याकडे येतो. रात्रीचे कॉलही येतात, ही त्याची किंमत.

एचआरकडे 'माझा कोड चोरला' ही भाषा लंगडी पडते. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाच्या कॉपीराइटची पहिली मालक नोकरी देणारी कंपनीच. 'नोंद चुकीची आहे, ही तारीख, हे तिकीट, ही कमिट' असं मांडावं, तेही प्रकार वारंवार होऊन मॅनेजर दाद देत नसेल तरच. पुराव्यासाठी ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर मात्र अजिबात पाठवू नका. तक्रार बाजूला राहते आणि माहिती बाहेर नेल्याची चौकशी तुमच्यावरच बसते. तारीख, तिकीट क्रमांक आणि कामाची एक ओळ अशी नोंद कंपनीच्याच ड्राइव्हवर ठेवावी.

मार्चअखेर अप्रेझलचा फॉर्म भरताना हीच नोंद उघडायची. रेटिंग ठरवणाऱ्या बैठकीत तुम्ही नसता, मॅनेजर असतो, आणि त्याला वाचून दाखवता येईल असं एक वाक्य लागतं. 'पेमेंट मॉड्यूलमध्ये योगदान' हे निरुपयोगी. 'रिट्राय आणि दुहेरी वजावट रोखण्याची रचना व कोड माझा. क्यू आणि मॉनिटरिंग सहकाऱ्याचं. डिझाइन डॉक आणि पुल रिक्वेस्टची लिंक सोबत' हे चालतं. त्यात सहकाऱ्याचा वाटा नावानिशी लिहावा. त्याचा फॉर्मही त्याच मॅनेजरपुढे असतो आणि दोन्ही शेजारी ठेवले की कोणाचा हिशेब जुळत नाही ते दिसतं.