पाऊल पायरीवर पडायच्या आधी लाइट लागायला हवा

आईचा पाय शेवटच्या पायरीवरून सटकला तेव्हा मी दार उघडून स्विचच शोधत होते. रेलिंग हाताला लागलं म्हणून थोडक्यात निभावलं. पण त्या रात्री ठरवलं की बाहेरचा लाइट आता आपोआपच लागायला पाहिजे, हातात पिशव्या असोत नाहीतर मोबाइलची बॅटरी संपलेली असो. त्यानंतरच्या काही महिन्यांत मी बरंच वाचलं, दोनदा फिटिंग बदललं, इलेक्ट्रिशियनला तीनदा बोलावलं आणि जे काही कळलं ते इथे लिहून ठेवतेय, कारण लाइट घेताना आपण सगळे वॅट बघतो, डिझाइन बघतो, पण सेन्सर नेमका कुठे बघतोय हे कोणीच विचारत नाही. मीपण नव्हतं विचारलं.

पहिला मोशन सेन्सरचा लाइट मी दाराच्या बरोबर वर लावून घेतला, तोंड गेटकडे, वाटलं की गेट उघडलं रे उघडलं की लागेल. तर तो लागायचा माणूस पायऱ्यांशी पोचल्यावर, कधी कधी तर दुसऱ्या पायरीवर. मला वाटलं पीस खराब आहे. पण तसं नव्हतं. हे जे साधे सेन्सर असतात, पीआयआर म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेडवाले, ते स्वतः काहीच सोडत नाहीत, फक्त आपल्या अंगातून निघणारी उष्णता म्हणजे इन्फ्रारेड टिपतात. आत शेजारी शेजारी दोन भाग असतात आणि पुढे ते पांढरं प्लास्टिकचं घुमटासारखं भिंग, जे समोरच्या जागेचे पट्टे पाडतं. आपण एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलो की एका भागाला जास्त उष्णता दिसते, दुसऱ्याला कमी, आणि त्या फरकावर लाइट लागतो. म्हणजे आडवं चाललं की लगेच कळतं, पण सरळ सेन्सरच्या तोंडावर चालत आलं की माणूस बराच वेळ त्याच पट्ट्यात राहतो, फरक पडतच नाही. आणि गेटपासून दारापर्यंत आपण सगळे सरळच येतो ना!

मग तोच लाइट काढून बाजूच्या भिंतीवर लावला, वाटेच्या आडवा बघेल असा, साधारण अडीच मीटर उंचीवर. फरक इतका होता की विश्वास बसेना, आता गेटमधून दोन पावलं आत आलं की लागतो. नवीन काही विकत घेतलं नाही, फक्त जागा बदलली. बॉक्सवर १० मीटर, १२ मीटर असं काहीतरी लिहिलेलं असतं ते आडव्या चालीसाठी धरायचं, आणि भर उन्हाळ्यात बाहेरची हवाच ३५-३६ डिग्रीवर गेली की अंग आणि आजूबाजूची जमीन यात फरकच उरत नाही, तेव्हा तेवढ्या लांबून पकडत नाही हेही लक्षात ठेवायचं. अजून एक, काचेतून याला दिसत नाही. खिडकीच्या आत सेन्सर ठेवून बाहेरचं बघेल असं कोणाला वाटत असेल तर नाही चालणार, आपल्या अंगाची जी इन्फ्रारेड असते ती साध्या काचेतून आरपार जातच नाही.

दुसरा प्रकार रडारवाला किंवा मायक्रोवेव्ह म्हणतात तो. हा स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेल्या तपासतो, त्यामुळे सरळ चालत येणारा माणूस याला छान कळतो आणि उन्हाळ्याचाही त्रास नाही. पण याच्या लहरी काच, प्लायवुड, पातळ भिंत यातून आरपार जातात, म्हणजे घरात कोणी हॉलमधून किचनमध्ये गेलं तरी बाहेर लाइट लागू शकतो, आणि रस्त्याला लागून घर असेल तर जाणाऱ्या प्रत्येक गाडीला. बंद जिन्यात, पार्किंगमध्ये हा चांगला, उघड्यावर मला तरी पीआयआरच बरा वाटतो.

आता सेन्सरवरच्या त्या तीन बारक्या नॉबबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे आणि बहुतेक लाइट फॅक्टरीतून आले तसेच आयुष्यभर राहतात. एक वेळेचा, माणूस गेल्यावर किती वेळ चालू राहायचं. एक सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे किती बारीक हालचाल पकडायची. आणि एक लक्सचा, म्हणजे किती अंधार पडल्यावर काम सुरू करायचं, त्याच्या एका टोकाला सूर्य आणि दुसऱ्या टोकाला चंद्र काढलेला असतो. टेस्ट करताना लक्स सूर्याकडे पूर्ण फिरवायचा, वेळ सगळ्यात कमी ठेवायची आणि दिवसाढवळ्या स्वतः चालून बघायचं, गेटपासून, बाजूने, हळू, भरभर. करंट दिल्यावर पहिला एखादा मिनिट सोडून द्यायचा कारण सेन्सर सेट होईपर्यंत लाइट नुसताच चालू राहतो. मी आईलाच चालायला लावलं. ती हळू चालते, आणि मी भरभर चालून केलेलं सेटिंग तिच्यासाठी कमी पडत होतं. वेळही मी आधी अर्धा मिनिट ठेवली होती, ती कुलूप उघडेपर्यंत अंधार, आता दोन मिनिटं आहे.

पण पायऱ्यांवर मला मोशन नकोच असं शेवटी वाटलं. वय झालं की अंधारातून एकदम उजेडात डोळे सावरायला वेळ लागतो आणि लख्ख लाइट एकदम पेटला की क्षणभर काहीच दिसत नाही, पाय चुकायला तेवढं पुरतं. म्हणून तिथे ३ वॅटचा पिवळसर लाइट, संध्याकाळी आपोआप लागणारा आणि सकाळी बंद होणारा, पायरीच्या कडेवर खाली उजेड टाकणारा. रोज १२ तास धरले तरी वर्षाला १३ युनिट होतात. १० वॅटचा लाइट रात्रभर ठेवला असता तर ४४ झाले असते. तोच मोशनवर रोज अर्धा तास लागला तर दोन युनिटसुद्धा नाहीत, पण सेन्सर स्वतः दिवसरात्र अर्धा वॅट जरी खात असेल तरी त्याचे वेगळे ४ युनिट होतात, हे मला हिशोब करेपर्यंत सुचलंच नव्हतं.

हा अंधार ओळखणारा सेन्सर बसवताना एक घोळ झाला. लाइट लागायचा, विझायचा, परत लागायचा, असं संध्याकाळभर. कारण लाइटचा उजेड समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून सेन्सरवरच पडत होता, त्याला वाटायचं उजाडलं. सेन्सर भिंतीकडून आकाशाकडे वळवला आणि थांबलं. आणि जर एलईडी बंद असतानाही मंद जळत असेल किंवा लुकलुकत असेल तर वायर किती आहेत ते बघा, दोन वायरवाले सेन्सर स्वतःला लागणारा करंट बल्बमधूनच घेतात आणि छोट्या एलईडीला तेवढाही पुरतो. न्यूट्रल म्हणजे करंट परत नेणारी वायर लागणारा तीन वायरवाला घेतला की तो त्रास जातो, फक्त त्या जागी न्यूट्रल आहे ना हे आधी विचारून घ्या.

सोलरचं मी थोडक्यातच सांगते. वायर न्यायची सोय नाही तिथे चांगला, पण पॅनल आणि लाइट वेगवेगळे असलेला घ्या, कारण लाइट हवा असतो छपराखाली आणि पॅनल हवं उन्हात. सलग ढग असले की रात्री लवकर विझतो, म्हणून पायऱ्यांसाठी मी त्याच्यावर विसंबणार नाही.

बॉक्सवर आयपी नंबर असतो, पाणी-धूळ किती रोखतो ते सांगणारा: पावसात उघड्यावर असेल तर आयपी ६५, छज्ज्याखाली आयपी ४४ पुरतो. रंग पिवळसर, ३००० केल्विन किंवा कमी, पांढऱ्यापेक्षा किडे कमी येतात, आणि किडे कमी म्हणजे कोळ्याची जाळी कमी, नाहीतर भिंगावर जाळं हललं तरी लाइट लागतो. महिन्यातून एकदा मऊ कपड्याने पुसून घ्या. आणि तोंड कायम खाली. शेजारच्यांच्या बेडरूममध्ये उजेड गेला तर त्यांची झोप मोडते, आणि डोळ्यावर येणारा लाइट असला की त्याच्या मागे कोण उभं आहे ते आपल्यालाच दिसत नाही.

मागच्या दाराचं अजून राहिलंय. तिथे एसीचं आउटडोअर युनिट आहे, त्याची गरम हवा सुटली की पीआयआरला माणूस आल्यासारखं वाटणार, त्यामुळे सेन्सर पलीकडच्या कोपऱ्यात न्यावा लागेल आणि वायर लांबून फिरवावी लागेल. इलेक्ट्रिशियन रविवारी येतोय, लागला की आईला चालायला लावून बघते आणि मग लिहिते.