तोच वाडा, तीच बंद खोली

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी भुताच्या गोष्टी मी वर्षानुवर्षं वाचत आलेय. घरी आलेलं माणूस कपाटाकडे बघून हमखास विचारतं, "सगळीकडे तोच वाडा, तीच कुलूपबंद खोली, तोच घोंघावणारा वारा. कंटाळा नाही येत?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

नाही येत. त्या कुलपाआड कुणावर तरी झालेला अन्याय असतो, आणि तो घरच्याच माणसांनी केलेला असतो. तो बाहेर कसा येणार, याची धाकधूक मला दर वेळी नव्यानं लागते.

साचा जुनाच आहे. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकानं १७६४ साली आपल्या कादंबरीत तो उभा केला तेव्हा त्यातला किल्ला इटलीत होता, काळही कित्येक शतकांपूर्वीचा. इंग्रज वाचकाला त्याची झळ नव्हती. व्हिक्टोरियन लेखकांनी ते भूत इंग्लंडातल्या घरात आणलं. त्यांच्यातल्या चार्ल्स डिकन्सना तर पुढे घरही लागलं नाही. ९ जून १८६५ ला स्टेपलहर्स्टजवळ ते ज्या गाडीत होते तिचे डबे पुलावरून कोसळले, १० माणसं गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी 'द सिग्नलमन' लिहिली. तिच्यात वाड्याच्या जागी बोगद्याचं काळं तोंड आणि लाल दिवा आहे.

पण माझा जीव अडकलाय तो त्याच काळातल्या लेखिका एलिझाबेथ गॅस्केल यांच्या 'द ओल्ड नर्सेस स्टोरी' या गोष्टीत. १८५२ च्या नाताळात डिकन्स यांच्याच साप्ताहिकात ती आली. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ मुलखात फर्निव्हल घराण्याचा वाडा, त्याची पूर्वेकडची बाजू कायम बंद. पोरक्या रोझामंडला घेऊन तिला सांभाळणारी हेस्टर तिथं राहायला येते, आणि म्हातारपणी ती हे सगळं रोझामंडच्याच मुलांना सांगते. गोष्ट नोकरमाणसाच्या तोंडी आहे हे मला फार मोलाचं वाटतं. घरात तिचा सगळीकडे वावर असतो, पण अमुक दार बंद का, हे विचारायची सोय नसते. तिला जे कळतं ते स्वयंपाकघरातल्या कुजबुजीतून.

वारा सुटला की रात्री दिवाणखान्यातला भला मोठा ऑर्गन वाजतो. हेस्टर एकदा भर दुपारी तो उघडून बघते. बाहेरून धडधाकट, आत सगळा मोडून पडलेला.

पुढे बर्फ पडत असताना खिडकीबाहेर एक लहान मुलगी दिसते. आत घ्या म्हणून ती काचेवर जिवाच्या आकांतानं हात आपटते, रडते. रोझामंड दार उघडायला धावते, हेस्टर तिला उचलून घेऊन पळते. मग मागाहून तिच्या लक्षात येतं की त्या हातांचा काचेवर आवाजच झाला नव्हता. मी तिथं पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसते.

पूर्वी घडलेलं असं असतं: फर्निव्हल घराण्यातल्या मॉड आणि ग्रेस या बहिणींचं एकाच परदेशी गवयावर मन बसतं. मॉड त्याच्याशी चोरून लग्न करते, तिला मुलगी होते. ग्रेस ते बापाला कळू देते. बाप त्या लेकराला कुबडीनं मारतो आणि मायलेकींना बर्फात हाकलून देतो. सकाळी पोर मेलेलं सापडतं, आईला वेड लागलेलं असतं.

ग्रेस अजून त्याच घरात आहे. ऐंशीच्या घरातली, बहिरी. शेवटी ते हाकलणं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा घडतं, आणि त्यात दगडी चेहऱ्यानं उभी असते तरुण ग्रेस. जिवंत बाई स्वतःचंच भूत बघते.

डिकन्स यांचा आग्रह होता की भुतं फक्त छोट्या रोझामंडला दिसावीत. गॅस्केल यांनी ऐकलं नाही, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं. एकट्या पोरीला दिसलं असतं तर लहान मुलाचा भास म्हणून सगळे मोकळे झाले असते, ग्रेससुद्धा. हेस्टरला त्या मुलीचा हुंदकाही ऐकू आला नव्हता. शेवटच्या रात्री बहिरी ग्रेसच आधी दचकते आणि म्हणते, मला किंकाळ्या ऐकू येताहेत, माझ्या वडलांचा आवाज येतोय.